हत्थाजडी: हिमालयातली दुर्मीळ आमरी पहिल्यांदा बघायला जाताना

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला जोडून दरवर्षी पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून कितीतरी गट उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातात. परतताना फोनमध्ये शेकडो फोटो असतात. ब्लू पॉपी असते, हेमकुंडच्या वाटेवरचं ब्रह्मकमळ असतं, गुलाबी तेरड्याचे उतारच्या उतार असतात. हत्थाजडी मात्र बहुतेकांच्या फोटोंत नसते. तिचा बहर तोवर ओसरलेला असतो आणि नेमकं काय शोधायचं हेही कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे.

हत्थाजडी ही जमिनीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव डॅक्टिलोरायझा हटागिरिया. बाजारात तिच्या कंदाला सालमपंजा म्हणतात, नेपाळात ती पाँचऔंले आणि लडाखात वांगपो लाकपा. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ, सिक्कीम असा तिचा पट्टा मोठा आहे. तरीही ती हिमालयातल्या अतिधोक्याच्या औषधी वनस्पतींत मोजली जाते. पट्टा लांब असला तरी त्यात तिला मानवणारी जमीन तुकड्यातुकड्यांनीच आहे, आणि त्या तुकड्यांपर्यंत कुदळ पोचलेली आहे.

पहिली पायरी: फुलाआधी जमीन ओळखायला शिका

आपण सह्याद्रीतले लोक आमरी म्हटलं की झाडाकडे बघतो. सीतेची वेणी आंब्या-जांभळाच्या फांदीवरून लोंबते, म्हणून मान वर करायची सवय लागलेली असते. हत्थाजडीसाठी नजर खाली हवी. तिचं घर म्हणजे वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे मोठी झाडं वाढायची थांबतात त्या उंचीच्या, आसपासची आणि तिच्या वरची ओली कुरणं. गढवालात त्यांना बुग्याल म्हणतात. साधारण २८०० ते ४००० मीटर उंचीवर ती जास्त भेटते.

पण सगळं बुग्याल तिचं नसतं. कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या धारेवर ती शोधू नका. पाणी संथपणे झिरपत राहतं तिथे बघा. बर्फ वितळून उतरणाऱ्या ओहोळाची कड, उताराच्या पोटातली दलदलीची पट्टी, पाऊल टाकलं की बुटाखाली पचकन आवाज येतो अशी जागा. ऊन मात्र भरपूर लागतं, दाट झाडीच्या सावलीत ती रमत नाही. लडाखात हीच आवड वेगळ्या रूपात दिसते. तिथल्या वाळवंटी डोंगरांत ती शेतांच्या पाटांच्या कडेला आणि ओढ्यालगतच्या हिरव्या पट्ट्यांत उगवते, पाट सोडून चार पावलं कोरड्यात गेलं की संपली.

पिवळ्याधमक फुलांचं कॅल्था हे ओल्या जागेचं चांगलं निशाण आहे. चकचकीत, गोलसर पानांचे त्याचे झुबके ओहोळाच्या काठाने ओळीने उभे असतात. प्रिम्युलाही अशाच ओलाव्यात दिसते. ही दोन झाडं जिथे एकत्र असतील तिथे थांबा आणि मग शोधायला लागा.

गवताची उंचीही महत्त्वाची. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि मेंढपाळांची चराई थांबली. त्यानंतर अमेला नावाची माणसाच्या छातीपर्यंत वाढणारी वनस्पती या घाटीत (खोऱ्यात) बरीच पसरली. चराई बंद झाल्यामुळेच ती पसरली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. वनखातं ती उपटून काढण्याच्या मोहिमा घेतं. आपल्यापुरता मुद्दा असा की अमेल्याच्या रानात हत्थाजडी शोधण्यात वेळ घालवू नका. ठेंगण्या, मोकळ्या गवताचे तुकडे बघा.

दुसरी पायरी: तारखा

घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर खुली असते. जूनच्या सुरुवातीला वाटेवर बर्फ असतं आणि कुरण नुकतं डोळे उघडत असतं. हत्थाजडी जूनच्या उत्तरार्धात फुलायला लागते आणि जुलै हा तिचा खात्रीचा महिना. ऑगस्टच्या मध्यावर गेलात तर एखाद्या थंड कोपऱ्यात उशिरा फुललेलं झाड मिळेलही, पण त्या भरवशावर जाऊ नये. सगळ्या रंगांची एकदम गर्दी बघायची असेल तर ऑगस्ट उत्तम. ही आमरी बघायची असेल तर जुलैचे पहिले दोन-तीन आठवडे धरा, आणि गटातल्या बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा की घाटी अजून पूर्ण भरलेली नसेल.

बहर चुकलाच तर फेरी वाया जात नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात वाळत चाललेल्या दांड्यावर उभी, लांबट बोंडं दिसतात. किती फुलांची बोंडं झाली आणि किती नुसतीच गळली ते बघा. कारण पुढे येईलच.

तिसरी पायरी: तिथवर पोचणं

यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. हृषीकेशहून गोविंदघाटला पूर्ण दिवस जातो, पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता अडकला तर जास्तच. परतीच्या विमान-रेल्वेच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवाच. जोशीमठला एक मुक्काम केला तर शरीर उंचीला सरावतं. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, तिथून घांघरियाची सुमारे दहा किलोमीटरची चढण. घांघरिया ३००० मीटरच्या थोडं वर आहे. घाटीत राहायला परवानगी नाही. सकाळी चौकीवर नोंद करून आत जायचं, संध्याकाळच्या आत बाहेर. दुपारनंतर आत सोडत नाहीत. घाटीत खेचरंही जाऊ देत नाहीत, म्हणून गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी विचार करावा.

घाटीसाठी एकाऐवजी दोन दिवस ठेवा. बहुतेक सहली एक दिवस घाटी आणि एक दिवस हेमकुंड असा कार्यक्रम आखतात. घाटीच्या दिवशी धो-धो पाऊस लागला की मग फुलांकडे बघायचं राहतं आणि माणूस पोंचो सांभाळत परततो. आमरी बघायला आलेल्या माणसाला घाईचा काही उपयोग नाही.

वाटाड्या स्थानिक घ्या. पुलना आणि भ्यूंडारच्या लोकांचं या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या येणं-जाणं आहे. त्यांना झाडं नावानिशी माहीत असतात. विचारताना 'हत्थाजडी फुललेली कुठे दिसेल, फक्त बघायचीय' असं स्पष्ट म्हणा. कंद विकत हवाय असा समज होऊ देऊ नका.

चौथी पायरी: कुरणात नजर कशी फिरवायची

वाट सोडायची नाही, हा नियम उद्यानाचा आहे आणि तो शंभर टक्के पाळण्याजोगा आहे. ओल्या कुरणाची माती मऊ असते. तिथे पडलेलं बुटाचं एक पाऊल म्हणजे खाली वाढणाऱ्या कोंबांवर आलेलं अख्ख्या माणसाचं वजन. या उंचीवर वाढीचे महिने मोजकेच, चिरडलेला कोंब त्या वर्षी पुन्हा येत नाही.

म्हणून वाटेवर उभं राहूनच शोधायचं. एक युक्ती सांगतो. चालता चालता बघू नका. थांबा, वाटेच्या उताराकडच्या बाजूला तोंड करा आणि दोन ते दहा मीटरचा पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश बघा. रंग शोधू नका, कारण जांभळा-गुलाबी रंग तिथे पावलोपावली आहे. आकार शोधा. सरळ उभा जाडसर दांडा, त्यावर गच्च भरलेला लांबट तुरा, आणि त्या तुऱ्यातून फुलांच्या मधून बाहेर डोकावणारी टोकदार हिरवी पानं. झाड एक-दीड फुटाचं, कधी दोन फुटांपर्यंतही जातं. छोटी दुर्बीण असेल तर इथे फार कामाला येते. पक्षी बघणाऱ्यांकडे ती असतेच, फुलं बघणाऱ्यांनीही बाळगावी.

एक झाड दिसलं की तिथेच थांबा. तिला लागणारा ओलावा आणि तिच्या बियांना लागणारी बुरशी त्या तुकड्यात आहे, म्हणजे आसपास आणखी झाडं असण्याची शक्यता बरीच. कित्येकदा फुलं न आलेली, नुसत्या पानांची छोटी रोपंही दिसतात. ती दिसली तर आनंद माना. त्या जागेवर नवी पिढी येतेय.

पाचवी पायरी: हीच ती, याची खात्री

नवख्या माणसाची फसगत होते ती दोन प्रकारे. एक म्हणजे आमरीच नसलेली झाडं. बिस्टॉर्टाचे गुलाबी तुरे लांबून हुबेहूब वाटतात, पण जवळून त्यांची फुलं बारीक दाण्यांसारखी आणि चारी बाजूंनी सारखी असतात. पेडिक्युलॅरिसचीही फुलं जांभळी-गुलाबी, पण पानं नेच्यासारखी कातरलेली. हत्थाजडीचं पान अखंड, लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, आणि त्याचं बूड दांड्याला वेढून बसलेलं असतं.

दुसरी फसगत इतर आमऱ्यांशी होते, आणि तिथे फूल बारकाईने बघावं लागतं. प्रत्येक आमरीच्या फुलात एक पाकळी वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. हत्थाजडीचा ओठ रुंद, खाली पसरलेला आणि त्यावर गडद जांभळे ठिपके-रेघा असतात. फुलाच्या मागे किंचित वाकलेली, बऱ्यापैकी जाड अशी पोकळ नळी असते. जिमनाडेनियाची नळी बारीक आणि लांब असते, ओठावर ठिपके नसतात. सॅटिरियमच्या प्रत्येक फुलाला एक नाही, दोन नळ्या असतात आणि त्याचा ओठ वरच्या बाजूला असतो. ती फुलतेही उशिरा, म्हणून ऑगस्टात 'हत्थाजडी मिळाली' म्हणणाऱ्यांच्या फोटोत कधीकधी सॅटिरियमच असते. पोनरॉर्किस चुसुआ तर छोटीशी, वीतभर, मोजक्या फुलांची. तिचा गच्च तुरा होत नाही.

एवढी लक्षणं जुळली, शिवाय तुऱ्यातली खालची हिरवी पानं फुलांपेक्षा लांब निघाली, तर निर्धास्त व्हा. खात्रीसाठी कंद बघायची गरज कधीच पडत नाही. कंदाला बोटांसारखे फाटे असतात हे खरं, लहान मुलाच्या तळहातासारखा तो दिसतो. पण तो मातीतच राहू द्या.

सहावी पायरी: एका झाडापाशी बसा

ही पायरी लोक गाळतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ऊन पडलेलं असेल अशा वेळी वाटेलगतचं एखादं झाड निवडा आणि अर्धा तास तिथे बसा. थोड्या वेळाने एखादा केसाळ, गुबगुबीत भुंगा येईल. इतक्या थंडीत मधमाशी आखडते, पण हे भुंगे अंग थरथरवून स्वतःला गरम ठेवतात. तो तुऱ्याच्या खालच्या फुलावर उतरतो, ठिपक्यांच्या ओठावर पाय रोवतो आणि डोकं आत घालतो.

आत काही नसतं. मागची ती नळी मधाची कुपी वाटते, पण डॅक्टिलोरायझा गटातल्या आमऱ्या तीत मध भरत नाहीत. भुंगा दोन-चार फुलं तपासून कंटाळतो आणि निघून जातो. तोवर झाडाचं काम झालेलं असतं. फुलातले परागांचे दोन चिकट गोळे त्याच्या डोक्याला चिकटतात. आधी ते शिंगांसारखे ताठ उभे असतात, आणि मग मिनिटभरात आपोआप पुढे झुकतात, म्हणजे पुढच्या झाडाच्या फुलात शिरताना ते बरोबर त्याच्या चिकट भागावर टेकतात. चार्ल्स डार्विनने इंग्लंडमधल्या आमऱ्यांत पेन्सिलीचं टोक घालून हे झुकणं तपासलं होतं. तुम्ही मात्र पेन्सिल घालू नका. इथल्या प्रत्येक फुलाची संधी तशीच कमी आहे.

कमी अशासाठी की भुंगे शिकतात. एकदा फसलेला भुंगा पुन्हा सहसा येत नाही, त्यामुळे बऱ्याच फुलांची बोंडं होतच नाहीत. झालेल्या बोंडात धुळीसारख्या बारीक हजारो बिया असतात, पण त्यांत अन्नाचा साठा नसतो. मातीतली ठराविक बुरशी भेटली तरच बी रुजतं, आणि रुजल्यावर फुलायला काही वर्षं जातात. इतक्या चाळण्यांतून गेलेलं ते एक फुललेलं झाड तुमच्यासमोर असतं.

सातवी पायरी: फोटो आणि नोंद

चार फोटो पुरतात. पूर्ण झाड आसपासच्या जमिनीसकट, तुरा समोरून, एक फूल बाजूने म्हणजे मागची नळी दिसेल असं, आणि पानांचं बूड. फोटो चांगला यावा म्हणून शेजारचं गवत उपटणं, दांडा हाताने वळवणं, फुलावर पाणी शिंपडणं, यांतलं काहीही करू नका. शेजारचं गवत वाकवलं तर फोटो झाल्यावर ते सरळ करा. ढगाळ उजेड असेल तर उत्तमच, जांभळा रंग कडक उन्हात फिका पडतो. फोनची काच सतत ओली होते, कोरडा सुती रुमाल खिशात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

नोंद जरूर करा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, सजीवांच्या नोंदी ठेवणारी ही दोन्ही संकेतस्थळं चालतील. पण नेमकं ठिकाण लपवण्याचा पर्याय आधी निवडा. व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकू नका. फेसबुकवर 'अमुक पुलापासून इतक्या अंतरावर' असं लिहू नका. मीही या लेखात मुद्दामच एकही नेमकी जागा दिलेली नाही. कंद खणणाऱ्यालाही तीच माहिती हवी असते जी तुम्हाला हवी असते, आणि बहर असतानाच झाड सापडायला सगळ्यात सोपं असतं.

आठवी पायरी: कंदाचा मामला समजून घ्या

फुललेल्या हत्थाजडीच्या मुळाशी दोन कंद असतात. एक काळपट, सुरकुतलेला. गेल्या वर्षीचा साठा या वर्षीच्या फुलांसाठी खर्च करून तो संपत आलेला असतो. दुसरा पांढरा, टपोरा. पुढच्या वर्षीचं झाड त्यातून यायचं असतं. बाजाराला हा पांढरा हवा असतो. तो काढला की झाड पुढच्या उन्हाळ्यात उगवत नाही. बी पडण्याआधी काढला तर मागे काहीच उरत नाही.

हा कंद वाळवून, दळून ताकदीचं औषध म्हणून विकतात. आमरीच्या कंदांचा हा व्यापार फार जुना आहे आणि तुर्कस्तानपर्यंत पसरलेला आहे. तिथे याच कुळातल्या कंदांच्या पिठाचं सालेप नावाचं गरम पेय पितात. आपल्याकडे थंडीत सालमपाक करतात, काष्ठौषधींच्या दुकानात सालममिश्री आणि सालमपंजा पुड्यांत मिळतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाचा या बुग्यालाशी थेट संबंध आहे. सह्याद्रीतल्या आमऱ्याही यातून सुटलेल्या नाहीत. आपल्याकडचा अमरकंद, म्हणजे युलोफियाचे कंद, सालम म्हणून खपवले जातात.

कायद्याचं चित्र स्पष्ट आहे. राष्ट्रीय उद्यानातून झाडाचा कुठलाही भाग नेणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जगातल्या सगळ्याच आमऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइटिस कराराच्या यादीत आहेत. नेपाळने पाँचऔंले गोळा करण्यावर आणि विकण्यावर बंदी घातलेली आहे. वाटेत कुणी कंद विकायला आणला तर घेऊ नका, हुज्जतही घालू नका, घांघरियाच्या वनचौकीवर सांगा. ताजी खणलेली जागा दिसली तर तिचा फोटोही चौकीवर द्या.

आणि नावाच्या सारखेपणातून होणारी एक मोठी चूक टाळा. हत्थाजडी आणि हत्थाजोडी या पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. पूजेच्या सामानात आणि इंटरनेटवर 'हत्थाजोडी मूळ' म्हणून जे विकलं जातं ते बहुधा मूळ नसतंच. ते घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, आणि घोरपड मारणं, तिचा अवयव विकणं, जवळ बाळगणं हे सगळं गुन्ह्यात येतं. शोधताना ही दोन नावं एकमेकांत मिसळून समोर येतात, तेव्हा सावध राहा.

घरी कुणी सालमपंजा घेत असेल तर दुकानदाराला विचारा, हा लागवडीचा आहे की रानातला. गढवालात श्रीनगरचं उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र अशा झाडांच्या लागवडीवर काम करतं, पण बियांना बुरशी लागते आणि वाढ संथ, म्हणून ही शेती सोपी नाही. दुकानदाराला सांगता आलं नाही तर माल रानातलाच धरून चाला आणि पुडी परत ठेवा. ताकदीसाठीच काही हवं असेल तर शतावरी, अश्वगंधा, सफेद मुसळी आपल्या राज्यातले शेतकरी पिकवतात. त्यातलं कुठलं, किती आणि कुणी घ्यायचं ते वैद्यांना विचारा.